काम मागितल्याची तारीख

यवतमाळ जिल्ह्यातलं हे घर चार माणसांचं. सासू सत्तरीच्या पुढे गेलेली, सून चौतिशीची, नात सातवीत, नातू तिसरीत. वावर नाही. सुनेचा नवरा २०२२ च्या ऑक्टोबरात दुसऱ्याच्या वावरात सोयाबीन सोंगताना साप चावून गेला. त्यानंतर महिन्याला ठरलेली अशी एकच रक्कम या घरात येत होती, ती म्हणजे सासूचे श्रावणबाळ योजनेचे पैसे. आधी ते १,००० होते, पुढे १,५०० झाले, आणि बरेचदा दोन-दोन महिन्यांचे एकदम पडत. बाकी सगळा संसार सुनेच्या रोजीवर. मी तिला ताई म्हणते, इथेही तेच ठेवते. गाव आणि तालुका मुद्दाम लिहीत नाही. मजूर बायकांच्या कागदपत्रांचं काम मी करते, त्यातूनच हे प्रकरण माझ्याकडे आलं.

साप चावून शेतकरी गेला तर सरकार दोन लाख रुपये देतं. ती योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदारासाठी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी आहे. त्याच वावरात, त्याच विळ्यानं, त्याच पिकात राबणारा भूमिहीन मजूर तिच्यात बसत नाही. ताईच्या दिराला हे तहसीलमध्ये कळलं आणि तो विषय तिथेच संपला. मला हा भेद आजही पटत नाही. सापाला सातबारा दिसत नाही.

आमच्या कोरडवाहू भागात मजुरीचं वर्ष जूनला सुरू होतं. पेरणी, निंदण, खत देणं, मग सोयाबीनची सोंगणी, दिवाळीपासून कापसाची वेचणी, मधेच तूर. जानेवारी सरता सरता पऱ्हाट्या उपटल्या जातात आणि बायकांच्या हाताला काम उरत नाही. ज्यांच्या घरी धडधाकट माणसं आहेत ते वीटभट्टीवर किंवा पुण्याकडे जातात. म्हातारी सासू आणि शाळेतली दोन पोरं सोडून ताईला कुठे जाता येणार? फेब्रुवारी ते जून हे चार-साडेचार महिने ती दरवर्षी उसनवारीवर काढायची. फायनान्सचं कर्ज घेतलं तेही याच महिन्यांत. त्याचा हप्ता मात्र ठरल्या वारी, ठरल्या वेळी द्यावा लागतो. वसुलीवाला बायकांचा गट बसवून सगळ्यांचे पैसे मोजतो आणि एखादीचे कमी पडले तर बाकीच्यांनी भरेपर्यंत उठत नाही.

नेमक्या याच महिन्यांसाठी आपल्या राज्यानं रोजगार हमी काढली होती. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला तिचा पहिला प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पोचली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम देता आलं नाही तर दिवसाला किमान १ रुपया बेकारी भत्ता द्यायचा, हे त्या कायद्यातच होतं. २००५ च्या केंद्राच्या कायद्यानं हीच गोष्ट अधिक घट्ट बांधली. अर्ज दिल्यापासून १५ दिवसांत काम मिळालं नाही तर सोळाव्या दिवसापासून भत्ता सुरू. पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव हिश्शानं, त्यापुढे त्या आर्थिक वर्षात किमान निम्म्यानं. त्या कायद्यात मजुरीचा पैसा केंद्राचा होता, भत्त्याचा राज्याचा. यामागचा विचार सरळ होता. काम काढलं तर राज्याच्या तिजोरीला फारशी झळ नाही, आणि काम काढलं नाही तर राज्यानं स्वतःच्या खिशातून भरावं.

ताईच्या गावात हा भत्ता कुणालाच कधी मिळालेला नव्हता. का मिळाला नाही, ते तिच्याच प्रकरणात उलगडत गेलं.

८ एप्रिल २०२४

त्या दिवशी दहा बायका जॉबकार्ड घेऊन ग्रामपंचायतीत गेल्या. ग्रामरोजगार सेवक गावचाच पोरगा, स्वभावानं चांगला, मानधन वेळेवर न मिळणारा. तो म्हणाला, "काकू, सध्या काम नाई. काम निंगालं का मीच निरोप देतो. अर्ज कायले लिहिता उगाच?"

ताई म्हणाली, "भाऊ, काम निंगल तवा निंगल. आमी आज मांगतलं, तेवढं लिहून घ्या ना."

या दोन वाक्यांतच सगळं प्रकरण आहे. रोजगार सेवकाची रीत अशी की आधी वरून काम मंजूर व्हायचं, मग हजेरीपट निघायच्या वेळी तो मजुरांची मागणी संगणकावर भरायचा. कागदोपत्री मागणी आणि काम यांच्यात चार-पाच दिवसांचं अंतर दिसायचं. फेब्रुवारीपासून रिकाम्या बसलेल्या बाईनं जूनमध्ये काम मागितलं आणि तिला लगेच मिळालं, असं ते रेकॉर्ड सांगायचं. अशा रेकॉर्डवर कुणाचाही एक रुपया भत्ता निघत नाही. ज्यांनी मागितलं त्या सगळ्यांना काम दिलं, असा अहवाल वर जातो आणि आकड्यांत तो खराही असतो. यात त्या पोराचा दोष मी मानत नाही. काम मंजूर नसताना मागणी भरली तर वरून त्यालाच विचारणा होते.

म्हणून आमचा सगळा भर पोचेवर होता. अर्ज काम मागायच्या नमुना ४ मध्ये लिहिले, प्रत्येकीचा वेगळा, दोन प्रतींत. एक गोष्ट मुद्दाम घातली, ती म्हणजे काम कधीपासून कधीपर्यंत हवं: "ताबडतोब, ३० जूनपर्यंत". पुष्कळ जणी नुसतं १४ दिवस लिहितात. मागितलेली मुदत संपली की सरकारची भत्त्याची जबाबदारीही संपते, असं २००५ च्या कायद्याचं कलम ७ सांगत होतं. १४ दिवसांची मागणी केली तर भत्ता सुरू व्हायच्या आतच ती सरून जाते. अर्ज लिहून देणारी माणसं, अगदी कार्यकर्तेही, इथे चुकतात आणि भोगतात बायका.

ग्रामपंचायतीच्या सचिवांनी आधी पोच द्यायला नकार दिला. बायका तिथेच ओट्यावर बसल्या. भांडण नाही, घोषणा नाही, सैपाकाची वेळ झाली तरी उठल्या नाहीत. दुपारनंतर सचिवांनी दहाही प्रतींवर सही, शिक्का आणि तारीख घातली. त्याच अर्जांच्या झेरॉक्स आम्ही तहसीलदारांना रजिस्टर पोस्टानं पाठवल्या, कारण आपल्याकडे या योजनेचे कार्यक्रम अधिकारी तहसीलदार असतात आणि अर्ज थेट त्यांच्याकडेही करता येतो. पोस्टाची पावती प्रत्येकीनं जॉबकार्डात घडी घालून ठेवली.

पुढे सांगितलं गेलं की आचारसंहिता आहे. लोकसभेचं मतदान आमच्या मतदारसंघात २६ एप्रिलला होतं. आधीपासून चालू असलेल्या कामांना आचारसंहिता आड येत नाही आणि गावात गेल्या वर्षीचं एक काम अर्धवट पडून होतं. तरी ते कुणी सुरू केलं नाही. एप्रिल गेला, मे गेला. ताईनं मे महिन्यात मुलीला आजोळी धाडलं, तेवढंच एक ताट कमी.

काम निघालं १० जूनला. झाडं लावण्यासाठी खड्डे खोदायचं. तेव्हा मृगाचे ढग वर आले होते आणि पेरणीची रोजी गावातच मिळायला लागणार होती. म्हणजे जेव्हा काम हवं होतं तेव्हा नाही, आणि शेतात काम निघायच्या तोंडावर सरकारी काम हजर. तरी ताई गेली. तिला दोन आठवडे सलग रोजी हवी होती.

आता हिशेब. अर्ज ८ एप्रिलचा, त्यामुळे भत्ता २३ एप्रिलपासून लागतो. ९ जूनपर्यंत ४८ दिवस होतात. २०२४-२५ चा राज्याचा मजुरी दर दिवसाला २९७ रुपये. पहिल्या ३० दिवसांचे पाव दरानं २,२२७ रुपये ५० पैसे, उरलेल्या १८ दिवसांचे निम्म्या दरानं २,६७३. एका घराचे ४,९०० रुपये ५० पैसे, दहा घरांचे ४९,००५. संगणकावर मात्र या दहा जणींची मागणी ५ जूनची आहे. ५ जूनला मागितलं, १० जूनला दिलं, भत्ता शून्य.

मजुरी जमा झाली, पण कुठे?

खड्ड्यांच्या कामावर हजेरी मोबाइलवर घेतात, दिवसातून दोनदा फोटो काढून. २०२३ च्या जानेवारीपासून सगळ्या सार्वजनिक कामांवर हे सक्तीचं आहे. टेकडीच्या पायथ्याला रेंज नव्हती. एक दिवस दुपारचा फोटो चढला नाही आणि सगळ्यांचा खाडा लागला. बारा दिवस काम करून अकरा दिवसांची मजुरी निघाली, ३,२६७ रुपये.

ते पैसे ताईच्या खात्यात आलेच नाहीत. रोजगार सेवकाच्या संगणकावर "जमा" दिसत होतं. बँकेतला माणूस पासबुक छापून दाखवायचा, आत काही नाही. "मंग गेले कुठी?" हा ताईचा प्रश्न रास्त होता आणि दोन्हीकडचे लोक आपापल्या जागी खरं सांगत होते.

१ जानेवारी २०२४ पासून रोहयोची, म्हणजे रोजगार हमी योजनेची, मजुरी आधार क्रमांकावर जायला लागली. खाते क्रमांक कुणी बघत नाही. आधारला जे खातं सगळ्यात शेवटी जोडलं असेल, तिथे पैसे पडतात. ताईनं कधीतरी बाजारात नवीन सिमकार्ड घेतलं होतं. त्या वेळी अंगठा देऊन तिच्या नावानं मोबाइलवरचं एक खातं उघडलं गेलं आणि आधारची जोडणी तिकडे सरकली. त्या खात्याचं पासबुक नाही, गावात शाखा नाही, तो मोबाइल नंबरही बंद. आधारच्या संकेतस्थळावर आपला क्रमांक कोणत्या बँकेला जोडला आहे ते बघता येतं, फक्त ओटीपी यायला आधारला चालू मोबाइल जोडलेला लागतो. आधी मोबाइल बदलला, मग खातं सापडलं, मग पोस्टात नवीन खातं काढून जोडणी तिकडे वळवली. अडकलेली मजुरी तिच्या हातात पडायला ऑगस्ट उजाडला.

मजुरीला उशीर झाला तर सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाई, असा नियम होता. समजा, एका आठवड्याची, सहा दिवसांची पूर्ण मजुरी म्हणजे १,७८२ रुपये. ती महिनाभर अडकली तर भरपाई होते सुमारे २७ रुपये. ताईला तेवढीही मिळाली नाही, कारण सरकारी नोंदीत तिचे पैसे वेळेवर जमा झाले होते.

निराधार ठरण्यासाठी

संजय गांधी निराधार योजनेचा पहिला अर्ज नवरा गेल्यावर तीन महिन्यांत भरला होता. गावातल्याच एका मध्यस्थानं पैसे घेऊन कागद नेले. पोच दिली नाही. दीड वर्षानं चौकशी केली तेव्हा असा अर्ज कार्यालयात कुठेच नव्हता. दुसरा अर्ज आम्ही सेतू केंद्रातून भरला आणि टोकनची पावती घेतली.

या योजनेला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. दिवसाला ५८ रुपयांहूनही कमी, तेही अख्ख्या कुटुंबाचं. आणि रोजगार हमीचे १०० दिवस तिला पूर्ण मिळाले असते तर त्याचेच २९,७०० झाले असते. एका कायद्यानं दिलेला हक्क पुरा मिळाला, तर दुसऱ्या योजनेच्या नजरेत ती विधवा निराधार राहत नाही. हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच गावोगाव २१,००० च्या आतलेच दाखले निघतात, आणि देणाऱ्याच्या मनात आलं तर अडवायलाही तोच आकडा पुरतो. ही मर्यादा वाढवायला हवी. रोहयोची मजुरी तरी तिच्यातून वगळली पाहिजे.

निराधारचे अर्ज मंजूर करणाऱ्या समितीची बैठक दोन निवडणुकांच्या आचारसंहितांमध्ये लांबली. मंजुरी आली जानेवारी २०२५ मध्ये, महिना १,५०० रुपयांची.

दरम्यान लाडकी बहीण योजना आली होती. जून २०२४ च्या अखेरीस अर्थसंकल्पात घोषणा, जुलैत अर्ज, ऑगस्टच्या मध्यापासून दोन महिन्यांचे ३,००० रुपये खात्यात. अंगणवाडी सेविकांना अर्जामागे ५० रुपये देऊन घरोघरचे फॉर्म भरून घेतले. ताईचे पैसे पोस्टाच्या नव्या खात्यात बिनबोभाट आले. मी ही गोष्ट कौतुकानं नोंदवते. तोच तालुका, तेच संगणक, तीच माणसं. वरून तारीख ठरली की दोन महिन्यांच्या आत लाखो खात्यांत पैसे पोचवता येतात, हे त्या पावसाळ्यात आम्ही पाहिलं. तेव्हा भत्त्याला आणि निराधारला लागणारा वेळ यंत्रणेला जमत नाही म्हणून लागतो, हे मला आता कुणी पटवून देऊ शकणार नाही.

दुसऱ्या सरकारी योजनेतून १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण मिळत नाही. त्यामुळे निराधारची मंजुरी आली तेव्हा ताईच्या हातात वाढ झाली शून्य रुपयांची. एकीचे पैसे सुरू, दुसरीचे बंद. कोणती ठेवायची हे तिनं मला विचारलं. मी निराधार ठेवायला सांगितलं, कारण ती १९८० पासून चालत आली आहे आणि तिच्यामागे मंजुरीचा कागद आहे. तिनं दोन दिवस विचार करून तेच केलं.

पोरांचे पैसे

या घराला सगळ्यात मोठा आधार ज्या योजनेतून मिळायला हवा होता, तिचं नाव ताईनं दीड वर्ष ऐकलंही नव्हतं. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आई किंवा वडील गेलेल्या, अनाथ, आजारी किंवा तुरुंगात असलेल्या पालकांच्या अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी. २०२३ मध्ये तिची रक्कम १,१०० वरून मुलामागे महिना २,२५० रुपये झाली. दोन पोरांचे ४,५००. नवरा गेला त्या आठवड्यात शाळा, अंगणवाडी, ग्रामपंचायत, तलाठी, सगळ्यांना ते ठाऊक झालं होतं. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीनंच दिला. त्या दाखल्यासोबत या योजनेचा एक कागद हातात ठेवला असता तर?

अर्ज तालुक्याला होत नाही, जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात करावा लागतो. मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाइड, उत्पन्नाचा दाखला, मुलांची बँक खाती, आणि आईचा मुलांसोबत घरासमोर काढलेला फोटो. त्या फोटोसाठी ताईनं कुडाच्या भिंतीला नवा पोतारा दिला. मी म्हटलं, ताई, घर जसं आहे तसं दिसू दे. ती म्हणाली, "दिसन ना तसंच. पण सारवल्याबिगर कसं काढाव?" मग गृहभेट झाली, मग बालकल्याण समितीसमोर मुलांना घेऊन हजर राहावं लागलं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्यानं निम्मा खर्च वाचला, रोजी बुडाली ती बुडालीच.

आदेश सप्टेंबर २०२४ मध्ये मिळाला आणि पैसे आदेशाच्या तारखेपासून धरले गेले. बाप गेला ऑक्टोबर २०२२ मध्ये. मधल्या जवळपास दोन वर्षांचं काय, याचं उत्तर कुणाकडे नाही. पैसे दरमहा येतील असंही नाही, अनुदान आलं की काही महिन्यांचे एकदम पडतात. पहिला हप्ता आला तेव्हा ताईनं फायनान्सचं उरलेलं कर्ज एकदम फेडलं आणि मुलीला सायकल घेतली, दुसऱ्या हातची. आठवीची शाळा शेजारच्या गावी आहे. या एका रकमेनं त्या मुलीचं शिक्षण सुटायचं वाचलं, असं मी खात्रीनं म्हणते.

केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व म्हणून अशाच मुलांना महिना ४,००० रुपये मिळतात. ग्रामीण भागात त्याला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ७२,००० आहे. दोन्ही एकत्र मिळत नाहीत. त्याचा अर्ज आम्ही देऊन ठेवला आहे, पोच घेऊन.

दावा

भत्त्याचा दावा दहाही जणींनी ऑगस्ट २०२४ मध्ये लेखी दिला. तक्रार सात दिवसांत निकाली काढायची असं तो कायदा सांगत होता. उत्तर यायला दिवाळी उलटली. त्यात एवढंच होतं की संगणकीय नोंदीनुसार मागणी ५ जूनची आहे, सबब भत्ता देय नाही. सचिवांच्या सहीशिक्क्याच्या दहा प्रती आणि पोस्टाच्या पावत्या यांचा त्यात उल्लेखही नव्हता. मग आम्ही रोहयोच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालांकडे गेलो. सुनावणीत सचिवांनी आपली सही मान्य केली, ही मोठी गोष्ट झाली. नोंद उशिरा का केली, यावर ते म्हणाले की काम मंजूर नसताना मागणी भरायची पद्धत नाही. हे वाक्य इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं. जी गोष्ट गावात सगळे तोंडी बोलतात, ती पहिल्यांदा सरकारी कागदावर आली. निकाल अजून व्हायचा आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये, वेचणी संपताच, बायकांनी पुन्हा नमुना ४ भरले. या वेळी रोजगार सेवकानं स्वतःहून त्याच दिवशी संगणकावर नोंद केली आणि छापील पोच दिली, पण सहा जणींनाच. उरलेल्या चौघींची जॉबकार्डं यादीतून रद्द झालेली निघाली. कारणाच्या रकान्यात "काम करण्यास इच्छुक नाही" असं होतं. या चौघींपैकी एक ताई. गेल्या वर्षीची तिची पोच, हजेरी आणि मजुरीची नोंद जोडून कार्ड पुन्हा चालू करण्याचा अर्ज त्याच दुपारी दिला, आणि त्याच्या प्रतीवर सचिवांची सही व तारीख घेऊनच चौघी घरी गेल्या.